समस्थानिक निर्मिती व अणुविज्ञान संशोधनातील व्यवसायसंधी (खानदेश)

समस्थानिकांचे उत्पादन, त्यांवरील रासायनिक प्रक्रिया, वाहतूक, वापर व सुरक्षा या कामांतील नोकऱ्या आणि अणुविज्ञान संशोधनाकडे नेणारे शिक्षणमार्ग यांचा, जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांपुरता आढावा. खानदेशात अणुभट्टी नाही. निर्मितीच्या नोकऱ्या त्यामुळे बाहेर, मुख्यतः तुर्भे (ट्रॉम्बे) व वाशी येथे आहेत. खानदेशात आहेत त्या वापराच्या. ही विभागणी कोणी ठरवून केलेली नाही. ती बव्हंशी समस्थानिकांच्या अर्धायुष्यातून आली आहे.

खानदेशाची सीमा अभ्यासकांनी वेगवेगळी मानली आहे. ब्रिटिश काळातील खानदेश जिल्ह्यात मालेगाव, बागलाण व नांदगाव यांचाही समावेश होता. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा ते तिकडे गेले. १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. पश्चिम खानदेश म्हणजे पुढचा धुळे जिल्हा. त्यातून १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा निघाला. लासलगावचे प्रारण (किरण-प्रक्रिया) केंद्र नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात असल्याने जुन्या वा नव्या कोणत्याही व्याख्येने खानदेशात येत नाही. कांद्याच्या निमित्ताने त्याचा उल्लेख मात्र पुढे केला आहे.

परिभाषा : एकाच मूलद्रव्याचे, प्रोटॉनांची संख्या सारखी पण न्यूट्रॉनांची वेगळी असलेले अणू म्हणजे समस्थानिक. आवर्त सारणीत त्यांचे स्थान एकच, म्हणून ‘सम-स्थानिक’. ग्रीक ‘आयसॉस’ (सम) व ‘टोपॉस’ (स्थान) यांचा हा सरळ प्रतिशब्द आहे. ‘आयसोटोप’ हा शब्द फ्रेडरिक सॉडी यांनी डिसेंबर १९१३ मध्ये प्रसिद्ध केला. तो त्यांना ग्लासगो येथे स्कॉटिश डॉक्टर मार्गारेट टॉड यांनी सुचवला, असे सांगितले जाते व ते बहुतेकांना मान्य आहे. कल्पनेचे श्रेय कोणाचे, हा प्रश्न जास्त अवघड आहे. थोरियमच्या विघटनमालिकेतून मिळणारे रेडिओथोरियम थोरियमपासून कोणत्याही रासायनिक रीतीने वेगळे होत नाही, हे मॅककॉय व रॉस यांनी १९०७ मध्येच नोंदवले होते. स्ट्रोमहोल्म व स्वेडबर्ग यांनी १९०९ मध्ये अशा पदार्थांना आवर्त सारणीत एकत्र बसवण्याचा प्रयत्न केला. तरीही वेगळे न होणे ही प्रयोगातील अडचण नसून अणूंचा गुणधर्म आहे, हे ठामपणे मांडले ते सॉडी यांनीच. त्यामुळे श्रेय त्यांना देणे योग्य दिसते. प्रयोगशाळांत व रुग्णालयांत मराठी माणूसही ‘आयसोटोप’च म्हणतो. ‘समस्थानिक’ पाठ्यपुस्तकांत आणि परीक्षेत भेटतो.

अर्धायुष्य व अंतर : किरणोत्सर्गी समस्थानिकाचे निम्मे अणू विघटित होण्यास लागणारा काळ म्हणजे त्याचे अर्धायुष्य. कर्करोगाच्या पेट तपासणीत वापरल्या जाणाऱ्या फ्लुओरीन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे आहे. मुंबईत सायक्लोट्रॉनवर (कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर) तयार झालेली मात्रा रस्त्याने जळगावला पोचण्यास आठ तास लागले, तर सव्वाचारहून अधिक अर्धायुष्ये उलटतात आणि मुळातली सुमारे विसावा हिस्सा क्रियाशीलता उरते. मॉलिब्डेनम-९९ चे तसे नाही. त्याचे अर्धायुष्य ६६ तास. त्याच आठ तासांनंतर ते सुमारे ९२ टक्के शिल्लक असते. आयोडीन-१३१ चे ८ दिवस, इरिडियम-१९२ चे ७४ दिवस, कोबाल्ट-६० चे ५.२७ वर्षे. कोणते काम भुसावळ-जळगावात चालू शकते आणि कोणते सायक्लोट्रॉनच्या जवळच राहते, हे या आकड्यांवरून बरेचसे ठरते. करिअर निवडणाऱ्या विद्यार्थ्याला पगाराच्या श्रेणीआधी हा तक्ता दाखवावा, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

मॉलिब्डेनम-९९ च्या विघटनातून टेक्नेशियम-९९एम मिळते. त्याचे अर्धायुष्य ६ तास. ते थेट पाठवण्याऐवजी मॉलिब्डेनम बसवलेला स्तंभ शिशाच्या जाड कवचात घालून रुग्णालयाला पाठवतात. याला जनित्र म्हणतात. तंत्रज्ञ सकाळी मिठाच्या निर्जंतुक द्रावणाची कुपी एका सुईला लावतो आणि शिशाच्या वेष्टनातील निर्वात कुपी दुसऱ्या सुईला. निर्वात कुपी द्रावण स्तंभातून ओढून घेते, आणि येताना ते टेक्नेशियम घेऊन येते. हाती येते ते पाण्यासारखे रंगहीन द्रव. डोळ्यांना काहीच वेगळे दिसत नाही. कुपी मापकात ठेवून आकडा वाचायचा आणि आकड्याशेजारी वेळ लिहायची. वेळ लिहिली नसेल तर आकडा निरुपयोगी. मॉलिब्डेनम पाझरले आहे का, हेही तपासायचे. या कामाला दूध काढणे म्हणतात आणि जनित्राला गाय. धार काढल्यावर स्तंभात पुन्हा टेक्नेशियम साचत जाते व दुसऱ्या दिवशी परत काढता येते, म्हणून उपमा चपखल आहे.

निर्मितीची केंद्रे : भारतातील समस्थानिक निर्मितीची सुरुवात तुर्भे येथील ‘अप्सरा’ अणुभट्टीपासून (४ ऑगस्ट १९५६) धरतात. मोठ्या प्रमाणावरील उत्पादन मात्र ‘सायरस’ (१९६०) व १०० मेगावॅटची ‘ध्रुव’ (१९८५) यांमुळे शक्य झाले. सायरस २०१० च्या अखेरीस बंद झाली. सुधारित ‘अप्सरा-यू’ सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. कोबाल्ट-६० संशोधन अणुभट्टीत नव्हे, तर मुख्यतः वीज निर्माण करणाऱ्या जड पाण्याच्या भट्ट्यांत तयार होते व राजस्थानातील रावतभाटा येथे हाताळले जाते. तयार समस्थानिके व उपकरणे पुरवण्याचे काम विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ (ब्रिट, स्थापना १९८९, वाशी) करते. वैद्यकीय समस्थानिकांसाठी खासगी भागीदारीतून संशोधन अणुभट्टी उभारण्याची घोषणा केंद्र सरकारने मे २०२० मध्ये केली.

नंदुरबारच्या विद्यार्थ्याला तुर्भ्यापेक्षा गुजरातेतील काक्रापार जवळ पडते. तापीच्याच खोऱ्यात, उकाई धरणाच्या खालच्या अंगाला असलेल्या या केंद्रात २२० मेगावॅटच्या दोन व ७०० मेगावॅटच्या दोन भट्ट्या आहेत. हे वीजकेंद्र आहे, समस्थानिकांचा कारखाना नव्हे. तरी आरोग्य-भौतिकी (प्रारणापासून संरक्षण), रसायन व देखभाल या विभागांत लागणारे शिक्षण सारखेच असते.

प्रवेशमार्ग : भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय ऑगस्ट १९५७ मध्ये सुरू झाले. अभियांत्रिकी पदवीधर व विज्ञानातील पदव्युत्तरांसाठी येथे एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. चाळणी लेखी परीक्षेतून किंवा गेटच्या गुणांवरून होते, निवड मुलाखतीवर. किमान ६० टक्के गुण लागतात आणि खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा २६ वर्षे आहे. अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण करणारे वैज्ञानिक अधिकारी म्हणून रुजू होतात. खानदेशातील मुलांना मुलाखतीतच जास्त अडखळायला होते असे दिसते. पुस्तकातले येत नाही म्हणून नव्हे. ‘हे असेच का?’ असा उलटा प्रश्न वर्गात कोणी विचारलेला नसतो म्हणून.

पदविकाधारक, बी.एस्सी., आयटीआय व बारावी विज्ञान यांच्यासाठी विद्यावेतनासह प्रशिक्षणाच्या दोन श्रेणी आहेत. भुसावळ-जळगाव पट्ट्यातील फिटर, टर्नर, वेल्डर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक यांच्या दृष्टीने हा मार्ग महत्त्वाचा आहे, आणि त्याची चर्चा गेटच्या मानाने फारच कमी होते. किरणोत्सर्गी पदार्थ जाड काचेआडून यांत्रिक हातांनी हाताळावे लागतात. ते हात, झडपा व शिशाची भांडी नीट ठेवणारा कुशल कामगार नसेल, तर रसायनशास्त्रज्ञाचे कामच सुरू होत नाही.

जळगावचे विद्यापीठ (स्थापना १५ ऑगस्ट १९९०, २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव) भौतिकी व रसायन यांतील पदव्युत्तर शिक्षण देते. त्यानंतर विशेष शिक्षणासाठी बाहेर जावे लागते : प्रारण-भौतिकीची पदविका भाभा केंद्रात, अणुवैद्यकीय तंत्राचे शिक्षण मुंबईच्या विकिरण वैद्यक केंद्रात, संशोधन पदवी होमी भाभा राष्ट्रीय संस्थेत.

खानदेशातील कामे : रुग्णालयांतील प्रारणोपचार विभागात वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ व प्रारण सुरक्षा अधिकारी नियमानुसार असावेच लागतात. कोबाल्टचे यंत्र असेल तर स्रोत दर काही वर्षांनी बदलावा लागतो. विजेवर चालून किरण देणाऱ्या रेषीय त्वरकात समस्थानिक नसतेच, पण भौतिकतज्ज्ञ तेथेही लागतो. थायरॉइडच्या कर्करोगावर आयोडीन-१३१ ची मोठी मात्रा द्यायची तर रुग्णासाठी वेगळी खोली आणि त्याचे मूत्र साठवून ठेवणाऱ्या टाक्या लागतात. आयोडीन तुर्भ्याहून सहज पोचते, अडचण खोलीची व टाक्यांची असते.

औद्योगिक रेडिओग्राफीत भुसावळजवळील दीपनगरच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी बॉयलरच्या नळ्यांचे सांधे तपासले जातात. इरिडियम-१९२ चा स्रोत कॅमेऱ्यातून लवचिक तारेने, हातानेच चाक फिरवून, बाहेर काढतात. सांध्याच्या पलीकडे फिल्म. काम बहुधा रात्री, दोर लावून परिसर मोकळा केल्यावर. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र भाभा केंद्र व ब्रिट यांच्या अभ्यासक्रमांतून मिळते. मिळालेल्या प्रारणाची मात्रा नोंदवणारा छातीवरचा टीएलडी बिल्ला या कामात अंगावर असलाच पाहिजे. अणुऊर्जा नियामक परिषदेच्या (स्थापना १९८३) मर्यादेनुसार कामगाराला पाच वर्षांत सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० हून अधिक मात्रा मिळता कामा नये. बिल्ला खुंटीला टांगून काम करणाऱ्याची मात्रा कागदावर शून्य दिसते. ते शून्य खोटे असते, आणि त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते.

शेतीत, तुर्भे येथे प्रारणाने घडवलेले भुईमुगाचे टीएजी-२४ व उडदाचे टीएयू-१ हे वाण अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने आले. जळगावचा भुईमुगाचा वाण जेएल-२४ (फुले प्रगती) काही वेळा त्यांच्याच पंक्तीत मोजला जातो. तो मात्र प्रारणाने नव्हे, निवड पद्धतीने आलेला वाण आहे. बियाण्याला गॅमा किरण देणे थोड्या वेळाचे काम, पुढच्या पिढ्यांतून हवे ते रोप हेरणे अनेक हंगामांचे. म्हणून या क्षेत्रात कृषी पदव्युत्तरांना वाव आहे. लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात (२००२) कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून कोबाल्ट-६० ची अल्प मात्रा देतात. २००७ मध्ये अमेरिकेला गेलेला आंबा येथूनच प्रक्रिया होऊन गेला.

भूजल : रावेर, यावल व चोपडा या केळीच्या पट्ट्यात विहिरी खोल गेल्या आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा बझाडा पाणी भराभर पिऊन घेतो, पण ते कोणत्या विहिरीपर्यंत पोचते, हे पातळी मोजून कळत नाही. पाण्यातील ऑक्सिजन-१८ व ड्युटेरियम (जड हायड्रोजन) यांचे प्रमाण येथे उपयोगी पडते : धरणात वा कालव्यात उन्हाने आटलेल्या पाण्यात जड समस्थानिकांचा वाटा वाढलेला असतो, डोंगरावरून मुरलेल्या पावसाच्या पाण्यात तो नसतो. हायड्रोजनचे किरणोत्सर्गी समस्थानिक ट्रिटियम (अर्धायुष्य १२.३ वर्षे) आढळले तर पाणी अलीकडच्या दशकांत मुरलेले, असे मानता येते. ऑक्सिजन-१८ व ड्युटेरियमचे नमुने वस्तुमान-वर्णपटमापकावर, म्हणजे अणूंना वस्तुमानानुसार वेगळे करणाऱ्या उपकरणावर, तपासतात. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा व भाभा केंद्र यांचे या विषयात काम आहे. खानदेशच्या भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याला यापेक्षा घरचा विषय मिळणे कठीण.

पाटणे : चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे मणी व रेखाटन असलेला तुकडा मिळाला. तेथील कवचाचे कार्बन-१४ वय नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे २५,००० ± २०० वर्षे (आजपूर्व) असे निघाले. हा आकडा अनेकदा ‘२५ हजार वर्षांपूर्वी’ असा उतरवला जातो. ते बरोबर नाही. ‘आजपूर्व’ म्हणजे १९५० पूर्वी. शिवाय या गणनेत संकेताने ५,५६८ वर्षांचे जुने अर्धायुष्य धरतात. सध्या मान्य अर्धायुष्य ५,७३० वर्षांचे आहे. वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाणही त्या काळी आजच्याइतके नव्हते. समायोजनानंतर वय २९ हजार वर्षांच्या आसपास जाते, आणि तेच अधिक ग्राह्य वाटते. ± २०० हा फक्त मोजणीचा फरक आहे, नमुन्याच्या शुद्धतेची ग्वाही नव्हे. त्या कवचात आधुनिक प्रमाणाच्या तुलनेत कार्बन-१४ चा बाविसावा-तेविसावा हिस्सा होता, म्हणजे मुंबईहून आठ तासांनी जळगावला आलेल्या फ्लुओरीन-१८ पेक्षा जरासाच कमी. जुन्या पद्धतीत विघटने मोजायची असल्याने काही ग्रॅम कवच खर्ची पडे. त्वरक वस्तुमान-वर्णपटमापनात थेट अणूच मोजले जातात व काही मिलिग्रॅम पुरतात. ही सोय नवी दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात आहे.