मध्येच झोपी गेलेली दीर्घिका

सिंह तारकासमूहाच्या दिशेला, आपल्यापासून सुमारे ५३ लाख प्रकाशवर्षांवर ‘लिओ पी’ नावाची दीर्घिका आहे. दीर्घिका म्हणायचं ते शास्त्राच्या हिशेबाने. आपल्या आकाशगंगेत १० हजार कोटींहून जास्त तारे आहेत. हिच्या सगळ्या ताऱ्यांचं मिळून वस्तुमान भरतं जेमतेम काही लाख सूर्यांइतकं. तापून चमकणारा वायूचा ढग तिच्यात एकच, आणि तो उजळवणारा मोठा ताराही एकच. पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने हायड्रोजनचे ढग धुंडाळताना तिचा माग लागला आणि २०१३ मध्ये ती जाहीर झाली. नावातला ‘पी’ हा ‘प्रिस्टिन’चा, म्हणजे कोरी करकरीत. ताऱ्यांच्या पोटात घडणाऱ्या ऑक्सिजनचं प्रमाण तिच्यात सूर्याच्या ३ टक्क्यांच्या आसपास आहे.

या चिमुकलीने मध्यंतरी तारे घडवणं थांबवलं होतं. तेही थोडंथोडकं नव्हे, ४०० कोटी वर्षांहून जास्त काळ.

हे कळलं जेम्स वेब दुर्बिणीमुळे. एवढ्या अंतरावरचे अगदी मंद, म्हाताऱ्या पिढीतले तारेही तिने सुटेसुटे टिपले. जड तारे भराभर इंधन संपवून लवकर जातात, हलके तारे टिकून राहतात. त्यामुळे आज कोणत्या रंगाचे आणि तेजाचे तारे किती उरलेत हे मोजलं, की कोणत्या काळात किती जन्माला आले याचा हिशेब मांडता येतो. खगोलशास्त्रज्ञ क्रिस्टन मॅकक्विन आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये तो मांडला. सुरुवातीला तारे घडले, मग साधारण १,२५० कोटी ते ८०० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत जवळपास शुकशुकाट, आणि त्यानंतर पुन्हा कामाला सुरुवात.

थांबण्याचं कारण शोधायला विश्वाच्या बालपणात जावं लागतं. महास्फोटानंतर ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व इतकं निवलं की इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एकत्र येऊन हायड्रोजनचे अणू झाले. मग कोट्यवधी वर्षांचा अंधार. पहिले तारे पेटले तेव्हा त्यांच्या अतिनील किरणांनी हे अणू पुन्हा फोडायला सुरुवात केली. प्रत्येक दीर्घिकेभोवती फुटलेल्या अणूंचा बुडबुडा फुगत गेला, बुडबुडे एकमेकांना भिडले आणि महास्फोटानंतर सुमारे १०० कोटी वर्षांत दीर्घिकांच्या मधल्या पोकळीतला जवळजवळ सगळा वायू आयनीभूत झाला, म्हणजे त्याचे अणू फुटले. याला पुनरायनीभवन म्हणतात. शब्द दातात अडकतो, पण त्याला इलाज नाही.

अणू फुटताना वायू तापतोही, अंदाजे १० हजार अंशांपर्यंत. भाताच्या पातेल्यावर हलकी ताटली ठेवली तर वाफ ती उडवून लावते, वर वरवंटा ठेवला तर मात्र नाही. दीर्घिकेचं गुरुत्वाकर्षण म्हणजे हा वरवंटा. आकाशगंगेसारख्या वजनदार दीर्घिकांना या उष्णतेने काही फरक पडला नाही. लहानग्यांना मात्र आतला वायू धरून ठेवणं अवघड गेलं आणि बाहेरचा तापलेला वायू ओढून घेणं त्याहून अवघड. थंड, दाट वायू नाही म्हटल्यावर तारे कशाचे घडणार?

असं होऊ शकतं हे खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एफस्टॅथिऊ यांनी १९९२ मध्येच दाखवलं होतं. पुरावा मिळायला मात्र वेळ लागला, कारण अशा दीर्घिका इतक्या मंद असतात की आकाशगंगेच्या अंगणातल्यासुद्धा २००५ नंतरच सापडू लागल्या. त्यांतल्या सहांकडे हबल दुर्बीण वळवली गेली. २०१४ च्या निष्कर्षांनुसार त्यांचे सुमारे ८० टक्के तारे १,२८० कोटी वर्षांपूर्वीच जन्मलेले होते आणि गेल्या १,१६० कोटी वर्षांत तर पाळणा हललेलाच नाही.

पण इथे एक शंका उरते, आणि मला ती रास्त वाटते. या सहाही दीर्घिका आकाशगंगेच्या शेजारी आहेत. बड्या शेजाऱ्याकडे खेचलं जाताना लहान दीर्घिकेचा वायू ओरबाडला जातो. मग दोष प्राचीन किरणांचा की शेजाऱ्याचा? लिओ पी महत्त्वाची ठरते ती इथे. ती एकटी आहे, तिचं कोणी काही हिसकावून नेलं असण्याची शक्यता फार कमी.

तिच्या आणि आपल्या मधल्या टापूत, सुमारे १४ लाख प्रकाशवर्षांवर, ‘लिओ टी’ आहे. तीही बटू, म्हणजे अगदी लहान दीर्घिका, तरीही वायू राखून असलेली. तो वायू मोजणाऱ्यांत जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी ही आपली दुर्बीण होती. २००८ मध्ये आकडा आला २ लाख ८० हजार सूर्यांइतक्या हायड्रोजनचा. म्हणजे सगळ्याच बटूंचं भांडं रिकामं झालं नव्हतं.

झोपलेली दीर्घिका जागी कशी होते? एक शक्यता अशी, की विश्वातला अतिनील किरणांचा मारा पुढे ओसरला, कृष्णद्रव्य (न दिसणारं, पण गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य) साठत जाऊन दीर्घिकेचं वजन वाढलं आणि निवलेला वायू हळूहळू परत आत उतरला. ऐकायला सरळ वाटतं. पण संगणकावर दीर्घिका घडवून पाहिल्या तर असा ‘थांबून पुन्हा सुरू’ होणारा इतिहास क्वचितच निघतो. लिओ पीचं तेव्हाचं वस्तुमान पाहता तिने कायमचं विझायला हवं होतं. तिच्यातला तो एकुलता एक मोठा तारा काही तेवढा जुना नाही. असे तारे काही दशलक्ष वर्षंच जगतात. तो अगदी अलीकडे जन्मलाय.