तोच आयफोन, तेच एअरपॉड्स, मग युरोपात फीचर उशिरा का येतं?

सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलने एअरपॉड्ससाठी लाइव्ह ट्रान्सलेशन आणलं. म्हणजे समोरचा माणूस फ्रेंचमध्ये बोलतोय आणि तुमच्या कानात इंग्रजी ऐकू येतंय. सुरुवातीच्या भाषा होत्या इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि ब्राझीलची पोर्तुगीज (मराठी सोडाच, हिंदीसुद्धा नव्हती). यातली प्रत्येक भाषा मुळात युरोपातली, आणि फीचर बंद कुठे तर युरोपियन युनियनमध्ये! पॅरिसमध्ये राहणाऱ्या आणि फ्रान्सचं अकाउंट असलेल्या माणसाला ते वापरताच येत नव्हतं. डिसेंबर २०२५ मध्ये आयओएस (आयफोनची ऑपरेटिंग सिस्टीम) २६.२ आलं तेव्हा कुठे तिकडे ते चालू झालं.

अशी बातमी आली की लोक लगेच म्हणतात, युरोपने बंदी घातली. तसं काही नाहीये. कुठल्याही कायद्यात असं लिहिलेलं नाही की कानात भाषांतर करायचं नाही. फीचर न देण्याचा निर्णय कंपनीचाच असतो, पण तो कायद्याकडे बघून घेतलेला असतो, आणि भांडण नेमकं कशावरून आहे ते कळायला फोनच्या आत थोडं डोकवावं लागतं.

आधी कायदा. नाव डिजिटल मार्केट्स ॲक्ट, सगळे डीएमए म्हणतात. २०२२ मध्ये आला, सप्टेंबर २०२३ मध्ये युरोपियन कमिशनने (युरोपियन युनियनचा कारभार बघणारी यंत्रणा) सहा कंपन्यांना 'गेटकीपर', म्हणजे बाजाराचं दार हातात असलेल्या बड्या कंपन्या, ठरवलं: गूगलची अल्फाबेट, ॲमेझॉन, ॲपल, टिकटॉकची बाइटडान्स, मेटा आणि मायक्रोसॉफ्ट. त्यांना ७ मार्च २०२४ पर्यंत नियम लागू करायचे होते, आणि मोडले तर दंड जगभरच्या उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत, पुन्हापुन्हा मोडले तर २० टक्क्यांपर्यंत. एप्रिल २०२५ मध्ये ॲपलला ५० कोटी युरो आणि मेटाला २० कोटी युरो दंड झाला, त्यामुळे ही नुसती धमकी आहे असं आता कोणी म्हणत नाही.

या कायद्यातलं आपल्या कामाचं कलम म्हणजे ६(७). साध्या भाषेत सांगायचं तर, फोनची ऑपरेटिंग सिस्टीम तुमची आहे आणि त्या फोनला जोडायची घड्याळं, इअरबड्सही तुम्ही विकता, तर तुमच्या वस्तूंना फोनमध्ये जी वाट मिळते तीच वाट दुसऱ्या कंपन्यांच्या वस्तूंनाही फुकट मिळाली पाहिजे. बिल्डिंग बांधणाऱ्या बिल्डरनेच तळमजल्यावर लाँड्री टाकली आणि पाण्याचं जास्त प्रेशर फक्त आपल्या लाँड्रीला ठेवलं, शेजारच्या लाँड्रीला कायम बारीक धार, तर सोसायटी जे म्हणेल तेच युरोप म्हणतंय.

आता ही वाट म्हणजे काय ते बघू. लाइव्ह ट्रान्सलेशनमध्ये भाषांतर एअरपॉड्स करतच नाहीत, एवढी ताकद कानातल्या त्या बारक्या चिपमध्ये नसते. एअरपॉड्सचे माइक समोरच्याचा आवाज पकडतात, आजूबाजूच्या गोंगाटातून तो वेगळा काढतात, तो आवाज ब्लूटूथवरून खिशातल्या आयफोनकडे जातो, आयफोनमध्ये आधी आवाजाचे शब्द होतात, मग त्या शब्दांचं भाषांतर, मग भाषांतराचा पुन्हा आवाज, आणि तो आवाज परत कानात. वर नॉइज कॅन्सलेशन समोरच्याचा मूळ आवाज दाबून धरतं, नाहीतर दोन भाषा एकावर एक आदळून कशाचाच पत्ता लागणार नाही. हे सगळं फोनवरच होतं, इंटरनेटवरच्या सर्व्हरवर जात नाही, म्हणून तर आयफोन १५ प्रो किंवा त्यापुढचा, ॲपल इंटेलिजन्स (ॲपलची एआय) चालणारा फोनच लागतो.

म्हणजे इथे गंमत एअरपॉड्समध्ये आहे त्यापेक्षा जास्त एअरपॉड्स आणि आयफोन यांच्या मधल्या खासगी रस्त्यात आहे. सोनीचे किंवा इतर कुठल्या कंपनीचे इअरबड्स त्याच आयफोनला जोडलेत तर ब्लूटूथचा सार्वजनिक रस्ता मिळतो: गाणी ऐका, फोनवर बोला. पण आतल्या भाषांतराच्या यंत्रणेपर्यंत जाणारी गल्ली फक्त ॲपलच्या वस्तूंसाठी. डीएमए म्हणतं ही गल्ली उघडा.

ॲपलचं म्हणणं असं की उघडायला हरकत नाही हो, पण या गल्लीतून लोकांचं खासगी बोलणं जातं, आमच्याकडे ते फोनच्या बाहेर पडत नाही, दुसऱ्या कंपनीच्या हातात गेलं तर पुढे कुठे जाईल याची खात्री कोण देणार, म्हणून ते सुरक्षितपणे कसं करायचं यावर काम करायला वेळ लागतो, तोपर्यंत युरोपात फीचर नाही. उलट बाजूने बघितलं तर त्याच कलमात लिहिलंय की सिस्टीम शाबूत राहावी म्हणून गरजेचे आणि प्रमाणात असलेले उपाय करायला गेटकीपर मोकळा आहे. म्हणजे सुरक्षेची सोय कायद्यातच ठेवलीये. खरं भांडण 'गरजेचे' कुणी ठरवायचं यावर आहे.

माझं मत सांगायचं तर दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे. दुसऱ्या कंपन्यांसाठी दरवाजा बनवणं हे खरंच किचकट काम असतं: परवानग्या, चाचण्या, कागदपत्रं, आणि एकदा दिलेला दरवाजा पुढची कितीतरी वर्षं सांभाळावा लागतो. पण उशीर हा कंपनीच्या हातातला दबावही आहे, लोक चिडणार ते ब्रसेल्सवर, म्हणजे युरोपियन युनियनवर, हे कंपनीला चांगलं माहीत असतं. जून २०२४ मध्ये ॲपलने जाहीर केलं की ॲपल इंटेलिजन्स आणि आयफोन मिररिंग युरोपियन युनियनमध्ये त्या वर्षी येणार नाही. त्यावर तेव्हाच्या स्पर्धा आयुक्त मार्ग्रेथ वेस्टागर जाहीरपणे म्हणाल्या की ही तर आपण स्पर्धा रोखतो याची उघड कबुलीच झाली. पुढे एक मजेशीर प्रकार झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युरोपातल्या मॅकवर ॲपल इंटेलिजन्स चालू झालं, आयफोनवर मात्र ते मार्च २०२५ अखेर आयओएस १८.४ बरोबर पोचलं. तंत्रज्ञान तेच, माणूस तोच, घर तेच. फरक एवढाच की मॅकची सिस्टीम गेटकीपरच्या यादीत नाही आणि आयफोनची आहे.

आयफोन मिररिंग तर लाइव्ह ट्रान्सलेशन तिकडे पोचलं तेव्हाही अडकलेलंच होतं. यात फोन खिशात किंवा दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असतो आणि मॅकच्या स्क्रीनवर अख्खा आयफोन उघडून वापरता येतो. आता हीच वाट विंडोजच्या कॉम्प्युटरलाही द्यायची म्हटलं तर फोनमधलं सगळंच्या सगळं त्या कॉम्प्युटरवर दिसणार. इथे ॲपलची काळजी मला भाषांतरापेक्षा जास्त पटते.

बरं, फोनला कसं कळतं की तो युरोपात आहे? नुसतं जीपीएस नाही. आयओएसमध्ये यासाठी वेगळी यंत्रणा आहे, जी अनेक खुणा एकत्र करून देश ठरवते. मोबाइलचा टॉवर आपला देशाचा कोड सतत सांगत असतो, भारताचा ४०४ आणि ४०५, जर्मनीचा २६२, फ्रान्सचा २०८. वायफायचे बरेच राउटरही आपल्या सिग्नलमध्ये देशाचं नाव पाठवतात, कारण कुठल्या देशात कुठले चॅनल चालतात ते फोनला कळावं लागतं. त्यात सिम आलं, जीपीएस आलं, अकाउंटचा देश आला. त्यामुळे व्हीपीएन लावून ही यंत्रणा फसेल असं समजू नका, व्हीपीएन फक्त इंटरनेटवरचा पत्ता बदलतो, गल्लीतला टॉवर काही बदलत नाही.

आणि मला वाटतं सगळ्याचं मूळ इथेच आहे. सॉफ्टवेअरला देशाप्रमाणे चालू-बंद करणं जवळजवळ फुकट पडतं. हार्डवेअरचं तसं नसतं. यूएसबी-सीचं आठवा, युरोपने नियम केला की २८ डिसेंबर २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या फोनना यूएसबी-सी पोर्टच हवं. ॲपलने आधी विरोध केला आणि मग सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ ला जगभर यूएसबी-सी दिलं, कारण युरोपसाठी एक आणि बाकीच्यांसाठी दुसरा असे दोन वेगळे फोन कारखान्यात बनवत बसणं परवडत नाही. म्हणजे नियम ब्रसेल्समध्ये झाला आणि नाशिक-नागपूरच्या आयफोनवाल्यांचीही वेगळ्या केबलमधून सुटका झाली. सॉफ्टवेअरचा नियम मात्र सीमेवरच थांबतो, फायदाही तिथेच आणि तोटाही तिथेच.

हो, फायदाही आहे, बातम्यांमध्ये तो कमी येतो. युरोपातल्या आयफोनवर मार्च २०२४ पासून ॲपलच्या दुकानाबाहेरची ॲप स्टोअर्स चालतात, ब्राउझर कुठला हवा ते फोन स्वतःहून विचारतो, आणि टॅप करून पैसे देताना ॲपल पे हेच हवं असं राहिलेलं नाही (ही शेवटची सोय डीएमएमुळे नाही, स्पर्धेच्या जुन्या नियमांखालच्या केसमधून आली). मार्च २०२५ मध्ये कमिशनने आणखी नेमकी यादीच दिली: दुसऱ्या कंपन्यांच्या घड्याळांवर नोटिफिकेशन, दुसऱ्यांचे इअरबड्स जवळ आणले की झटकन जोडणं, फाइल पाठवायला एअरड्रॉपला पर्याय वगैरे. ॲपल त्याविरुद्ध कोर्टात गेलंय.

सगळा उशीर डीएमएच्या खात्यावर टाकायचीही गरज नाही. गूगलचा एआय चॅटबॉट बार्ड मे २०२३ मध्ये १८० देशांत खुला झाला तेव्हा युरोपियन युनियन त्यात नव्हतं, तिकडे जुलैत पोचला. मेटा एआयचंही तसंच, तो मार्च २०२५ मध्ये गेला. ही दोन्ही प्रकरणं मुख्यतः खासगी माहितीच्या संरक्षणाची, आयर्लंडच्या नियामकाने प्रश्न विचारले म्हणून रेंगाळलेली. आणि काही फरक तर तिसऱ्याच कारणाचे. नथिंग फोन ३ भारतात ५५०० एमएएच बॅटरीचा आणि बाहेर ५१५० चा. एका सेलमध्ये २० वॅट-तासांपेक्षा जास्त ऊर्जा असली की तो सेल धोकादायक माल म्हणून जास्त कडक नियमांनी न्यावा लागतो, आणि ५१५० ला साधारण ३.८७ व्होल्टने गुणा आणि हजाराने भागा, आकडा बरोबर २० च्या खाली बसतो. हा वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय नियम, फीचरच्या राजकारणाशी त्याचा संबंध नाही.

सॅमसंगचं उदाहरण मुद्दाम देतो. जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस २४ फोन कॉलचं लाइव्ह भाषांतर घेऊन आला आणि युरोपातही लगेच मिळाला. सॅमसंग गेटकीपरच्या यादीत नाही, म्हणून ती वाट सगळ्यांना उघडायची सक्ती त्यांच्यावर नाही.

आपल्याकडे काय? ऑक्टोबर २०२२ मध्ये भारताच्या स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि त्यानंतर गूगलने भारतासाठी काही बदल जाहीर केले, जसं की नवीन फोन सुरू करताना सर्च इंजिन निवडायची सोय. डीएमएच्याच धर्तीवर डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला, पण मसुद्याच्या पुढे गेला नाही.

तिकडे शिकायला किंवा नोकरीला चाललेल्यांना एक माहिती उपयोगी पडेल. लाइव्ह ट्रान्सलेशन अडवलं होतं तेव्हा अट अशी होती की फोनही युरोपियन युनियनमध्ये हवा आणि अकाउंटचा देशही तिथलाच हवा, दोन्ही असलं तरच बंद. म्हणजे भारताचं अकाउंट घेऊन बर्लिनला फिरायला गेलेल्या माणसाचं चालू, आणि तिथे राहून स्थानिक ॲप्ससाठी अकाउंट जर्मनीचं करून घेतलेल्या पोराचं बंद. नवीन फीचर आलं की त्याची अट कुठली, दोन्हीची की एकाचीच, ते ॲपलच्या सपोर्ट पानावर दिलेलं असतं. अकाउंटचा देश बदलायच्या आधी तेवढं वाचा, कारण बदलायचं तर शिल्लक बॅलन्स संपवावा लागतो, चालू सबस्क्रिप्शन बंद करावी लागतात, आणि परत यायचं झालं तर हाच उद्योग उलटा.