वीसपैकी चौदा, मग वीसपैकी एक

न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंड भागात चौथीच्या वर्गाला शिकवणाऱ्या एका अनुभवी शिक्षिकेला २०१२-१३ या वर्षासाठी राज्याच्या शिक्षण खात्याने वीसपैकी चौदा गुण दिले आणि पुढच्याच वर्षी वीसपैकी एक. हे गुण तिने दिलेल्या परीक्षेचे नव्हते. तिच्या वर्गातील मुलांनी राज्याच्या प्रमाणित चाचण्यांत अपेक्षेपेक्षा किती अधिक किंवा किती कमी प्रगती केली, यावरून एका संख्याशास्त्रीय सूत्राने ते काढले होते. शाळा तीच होती, शिक्षिकाही तीच होती आणि मुलांचे निकाल दोन्ही वर्षी राज्याच्या सरासरीच्या बरेच वर होते. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१६ मध्ये तो एक गुण मनमानी ठरवून रद्द करण्यात आला.

या प्रकरणाची आठवण होण्याचे कारण घरगुती आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाचीने मध्यंतरी फोनवर विचारले, ‘मामा, आमच्याकडे पालकांत दोन तट पडलेत. चिरंजीवांना या चाचणीला बसवू की नको?’ मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले असल्यामुळे तिला सरळ उत्तर मिळाले नाही. जे उत्तर मिळाले ते येथे जरा विस्ताराने मांडतो.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. जानेवारी २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या कायद्यावर सही केली आणि अमेरिकेतील सरकारी शाळांत तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाची दरवर्षी वाचन व गणित यांची चाचणी बंधनकारक झाली. २०१४ पर्यंत देशातील झाडून सगळी मुले प्रवीण व्हावीत, असे उद्दिष्ट त्यात होते. ते गाठले जाणार नाही, हे सांगायला संख्याशास्त्रज्ञाची गरज नव्हती. २००९ मध्ये आलेल्या ‘रेस टू द टॉप’ या ४३५ कोटी डॉलरच्या योजनेने मुलांचे गुण शिक्षकांच्या मूल्यमापनाला जोडण्यास उत्तेजन दिले आणि वाद पेटला. २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सुमारे २० टक्के मुलांना पालकांनी चाचणीला बसवलेच नाही. त्याच वर्षी अखेरीस जुना कायदा जाऊन नवा आला, पण वार्षिक चाचणी राहिली. मॅसॅच्युसेट्समध्ये शालान्त प्रमाणपत्रासाठी राज्याची चाचणी उत्तीर्ण होण्याची अट मतदारांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे ५९ टक्के मतांनी काढून टाकली. त्या मोहिमेमागे तेथील शिक्षक संघटना होती.

चाचण्यांमुळे शिकवणे बाजूला पडून घोकंपट्टी होते, असे विरोधक म्हणतात. उलट, गरीब व कृष्णवर्णीय मुलांना शाळा काय शिकवते हे चाचणीवाचून झाकलेलेच राहील, असे बारा नागरी हक्क संघटनांनी २०१५ मध्ये संयुक्त निवेदन काढून सांगितले होते. मला दोन्ही म्हणणी पटतात. खटकते ते इतकेच की गुणांची सरासरी ही थर्मामीटरवरच्या आकड्यासारखी स्थिर वस्तू आहे, असे दोन्ही बाजू गृहीत धरतात.

शिक्षकांच्या खोलीत दरवर्षी एक वाक्य ऐकू येते: ‘यंदाची बॅच चांगली आहे.’ समजा, एखाद्या राज्यातील मुलांचे सरासरी गुण शंभरपैकी ६० आहेत आणि एकेका मुलाचे गुण त्यापासून साधारणपणे २० गुणांनी इकडे-तिकडे असतात, म्हणजे प्रमाण विचलन २० आहे. आता २५ मुलांचा वर्ग निव्वळ चिठ्ठ्या टाकून भरला, तर त्या वर्गाची सरासरीही अचूक ६० येणार नाही. ती चारएक गुणांनी वर किंवा खाली येईल. सरासरीची ही अस्थिरता मुलांच्या संख्येच्या नव्हे, तर तिच्या वर्गमूळाच्या पटीत घटते: २० भागिले ५, म्हणजे ४. चारशे मुलांच्या शाळेत ती २० भागिले २०, म्हणजे १ होते. मुले सोळापट झाली, पण स्थैर्य चौपटच वाढले. अठराव्या शतकात अब्राहम द मुआव्र यांनी मांडलेला हा नियम शाळेतील गणिताने समजण्याजोगा आहे आणि तरीही शिक्षण खाती तो पुन्हा पुन्हा विसरतात.

दोन वर्षांच्या सरासऱ्यांची तुलना केली की अस्थिरता आणखी वाढते, कारण दोन्ही वर्षांचे योगायोग एकत्र येतात. चाराचे साडेपाचाहून थोडे अधिक होतात. म्हणजे शिकवण्यात तसूभरही बदल न होता एखाद्या वर्गाची सरासरी यंदा ५८ आणि पुढच्या वर्षी ६३ येणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. मुख्याध्यापकांचा सत्कार मात्र होऊन जातो.

हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्याने पेनसिल्व्हेनियातील १,६६२ शाळांचे पाचवीच्या वाचन-चाचणीचे निकाल तपासले. सर्वांत वरच्या ५० शाळांत, राज्यातील सर्वांत लहान ५० शाळांपैकी ६ शाळा होत्या. पटसंख्येचा निकालाशी काही संबंध नसता तर दीडच शाळा अपेक्षित होती. लहान शाळा चांगल्या, असा निष्कर्ष येथे कोणीही काढील, आणि तो काढलाही गेला. गेट्स प्रतिष्ठानाने मोठ्या शाळा फोडून लहान शाळा उभारण्यावर प्रचंड पैसा ओतला. पण वेनर यांनी यादीचा तळही पाहिला. सर्वांत खालच्या ५० शाळांत लहान शाळा ९ होत्या. पट लहान असल्यामुळे त्यांच्या सरासऱ्या दोन्ही टोकांना फेकल्या जात होत्या. ज्या लहान शाळांवर पैसा खर्च केला त्यांपैकी अनेक शाळांत निकाल फारसे सुधारले नाहीत, असे बिल गेट्स यांनी २००९ च्या वार्षिक पत्रात मान्य केले.

येथे महाराष्ट्रातील वाचकाला दहावीच्या निकालात दरवर्षी पहिला येणारा कोकण विभाग आठवेल. तोही सर्वांत कमी परीक्षार्थींचा विभाग आहे. मग त्याचे यश वर्गमूळाचा खेळ समजावे का? नाही. योगायोग वर नेतो तसा खालीही आणतो, आणि कोकण कधी तळाला गेल्याचे ऐकिवात नाही. शिवाय हजारो परीक्षार्थींच्या सरासरीत योगायोगाला फार वाव उरत नाही. त्याची कारणे वेगळी असणार. दहा-बारा मुलांच्या शाळेबाहेर लागलेला ‘१०० टक्के निकाल’ हा फलक मात्र जपून वाचावा.

आता त्या शिक्षिकेच्या चौदा आणि एक या आकड्यांकडे वळू. नुसती सरासरी पाहणे अन्यायाचे आहे, कारण श्रीमंत वस्तीतील मुले आधीच पुढे असतात. म्हणून मुलाने वर्षभरात किती प्रगती केली ते मोजावे, हा विचार ऐकायला रास्त वाटतो. त्यासाठी यंदाच्या गुणांतून मागच्या वर्षीचे गुण वजा करावे लागतात, आणि सगळी गोम त्या वजाबाकीत आहे. मुलामुलांच्या गुणांत जी तफावत दिसते तिचे एकंदर माप (संख्याशास्त्रात त्याला विचरण म्हणतात) १०० मानू. चाचणी उत्तम आहे, म्हणजे त्यातील ९० भाग खऱ्या कौशल्यातील फरकाचा आणि केवळ १० भाग त्रुटीचा आहे: त्या दिवशी आलेली सर्दी, अंदाजाने बरोबर आलेले उत्तर, उताऱ्याचा विषय नेमका ओळखीचा निघणे. चौथीत पुढे असलेले मूल पाचवीतही बहुधा पुढेच असते, म्हणून खऱ्या फरकाच्या ९० भागांपैकी ८० भाग दोन्ही वर्षांत सामाईक धरू. वजाबाकी करताच हे सामाईक ८० भाग दोन्हीकडून नाहीसे होतात. मागे उरतात ते प्रत्येक वर्षाचे २० भाग, आणि त्यांत १० खऱ्या फरकाचे असतात व १० त्रुटीचे. एकूण ४० पैकी २० त्रुटी! जी चाचणी स्वतः ९० टक्के विश्वसनीय होती, तिच्यावरून काढलेली प्रगती ५० टक्केच विश्वसनीय निघाली, कारण खरी माहिती वजा झाली आणि त्रुटींची मात्र बेरीज झाली. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाने भरलेला ट्रॅक्टर एकदा चालकासह आणि एकदा चालकाविना तोलून चालकाचे वजन काढावे, तसा हा प्रकार आहे. काटा उत्तम असतो; तो त्या कामाचा नसतो.

प्रत्यक्षातील सूत्रे याहून गुंतागुंतीची असतात. ती अनेक मुलांची सरासरी घेतात आणि घरची गरिबी, भाषा इत्यादी गोष्टींची भरपाई करू पाहतात. पण मुलांच्या गुणांत शिक्षकामुळे पडणारा वाटा मुळातच लहान असतो. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१४ मध्ये काढलेल्या निवेदनानुसार बहुतेक अभ्यासांत तो गुणांतील एकंदर तफावतीच्या १ ते १४ टक्के इतकाच आढळतो. याचा अर्थ शिक्षक महत्त्वाचा नाही असा नव्हे. दोन शिक्षकांमधला फरक पंचवीस मुलांच्या एका वर्षाच्या गुणांतून वेगळा काढणे फार अवघड आहे, इतकाच त्याचा अर्थ. त्यातही वर्गातील मुले आधीच वरच्या टोकाला असतील तर त्यांना आणखी वर जायला जागाच नसते.

याच अस्थिरतेचे एक अपत्य म्हणजे सरासरीकडे परतणे. ज्या शाळेचा निकाल एखाद्या वर्षी फारच कोसळला, तो पुढच्या वर्षी आपोआप सावरण्याची शक्यता अधिक असते, कारण कोसळण्यात दुर्दैवाचा वाटा होता आणि दुर्दैव सहसा ओळीने येत नाही. मधल्या काळात शाळेचे फाटक वास्तुशास्त्राप्रमाणे पूर्वेला हलवले असेल तर श्रेय फाटकाला जाते. मुख्याध्यापक नवे आले असतील तर त्यांच्या पायगुणाला. महागडी सल्लागार कंपनी नेमली असेल तर तिच्या जाहिरातीत आलेख झळकतो, आणि तो आलेख फाटकापेक्षा अधिक शास्त्रीय असतोच असे नाही.

चाचण्याच नकोत, असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेतच १९६९ पासून ‘राष्ट्राचे प्रगतिपुस्तक’ म्हणून ओळखली जाणारी एक चाचणी चालते. तीत देशभरातून नमुन्यादाखल मुले निवडली जातात आणि कोणत्याही मुलाला, शिक्षकाला किंवा शाळेला गुण दिले जात नाहीत. हजारो मुलांच्या सरासरीत योगायोग जवळजवळ पुसला जातो, म्हणून गरीब आणि श्रीमंत मुलांमधील दरी किती आहे हे ती चाचणी खात्रीने सांगू शकते. गुणावर कोणाची नोकरी टांगलेली नसल्यामुळे घोकून घेण्याचे कारणही उरत नाही. उलट, बहिष्काराने राज्याच्या चाचणीतील २० टक्के मुले गळाली ती चिठ्ठ्या टाकून नव्हे, तर काही वस्त्यांतून अधिक आणि काहींतून कमी अशी. त्यामुळे उरलेल्यांची सरासरीही तिरपी होते. नमुना लहान पण निःपक्षपाती असेल तर तो मोठ्या, तिरप्या गर्दीपेक्षा केव्हाही बरा.

भाचीला मी मुलाचे मागच्या वर्षीचे गुणपत्रक शोधायला सांगितले. त्यावर एकूण गुणांच्या जवळ बारीक अक्षरांत लिहिलेले असते की हीच चाचणी मुलाने अनेकदा दिली तर गुण अधिक-उणे इतक्यांनी बदलू शकतील. तिने ते गुणपत्रक नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले होते, वर्गातील दुसऱ्या दोन मुलांच्या गुणांशी ताडूनही पाहिले होते, पण ती ओळ तिने वाचलेली नव्हती.