ग्लुकोज आणि इनोसिटॉल: सूत्र एक, साखर एकच

परवा दांडिया बाजारातल्या घरी भाचीनं वही पुढ्यात सरकवली. ती इथेच बडोद्यात फार्मसी शिकते. औषधांच्या रेणूंतले साखरेचे तुकडे हुडकणारा प्रोग्राम लिहितेय. "मामा, यानं इनोसिटॉललाही साखर ठरवलंय."

फसण्यासारखंच आहे. ग्लुकोज साखर आहे, इनोसिटॉल नाही; पण दोन्हींत सहा कार्बन, बारा हायड्रोजन, सहा ऑक्सिजन. कागदावर दोन्ही षट्कोन, आणि दोन्ही चवीला गोड. तिनं प्रोग्रामला एवढंच तपासायला सांगितलं होतं: सहा अणूंचं वलय आहे का, आणि त्याला निदान तीन ऑक्सिजन लागलेत का? या परीक्षेत इनोसिटॉल ग्लुकोजच्याही पुढे जातं! त्याच्या वलयाला सहाच्या सहा ऑक्सिजन. ग्लुकोजच्या वलयाला थेट चारच. पाचवा एका कार्बनाआड आणि सहावा खुद्द वलयात बसलेला. सगळी गोम त्या सहाव्यात आहे.

मी पेन्सिलीनं तो ऑक्सिजन गिरवला, मग शेजारचा कार्बन. या एकाच कार्बनाला दोन ऑक्सिजन धरून आहेत. ग्लुकोजचं वलय पाण्यात इथेच उघडतं, आणि वनस्पती साखर दुसऱ्या रेणूला जोडते तीही इथूनच. इनोसिटॉलच्या वलयात नुसते कार्बन, म्हणून असा सांधा नाही. बेनेडिक्टच्या, म्हणजे अशी साखर ओळखायच्या निळ्या द्रावणात ग्लुकोज तापवलं की विटकरी साका बसतो; इनोसिटॉल घातलं तर द्रावण निळं ते निळंच.

तेव्हा प्रोग्रामनं आधी वलयातला ऑक्सिजन शोधावा. वलय पाच किंवा सहा अणूंचं, ऑक्सिजन नेमका एक, बाकी कार्बन, सगळे बंध एकेरी, दुसऱ्या वलयाला चिकटलेलं नसावं. वलयाला बाहेरून थेट लागलेले ऑक्सिजन त्यानंतर मोजायचे, वलयाच्या आकाराच्या निदान निम्मे.

कसोटी म्हणून मी स्ट्रेप्टोमायसिन दिलं. १९४३ साली सापडलेलं हे क्षयावरचं औषध या कामाला फार छान, कारण दोन्ही प्रकार एकाच रेणूत आहेत. त्यात तीन वलयं. स्ट्रेप्टिडीन हे इनोसिटॉलच्या घराण्यातलं, सगळं कार्बनचं, ते बाद. स्ट्रेप्टोज पाच अणूंची, बाहेर तीन ऑक्सिजन, पास. तिसरी, ग्लुकोसामिनची (एका ऑक्सिजनाजागी नायट्रोजन असलेल्या ग्लुकोजची) बहीण, सहाला तीन, म्हणजे बरोबर निम्मे. प्रोग्राममध्ये 'निम्मे किंवा जास्त'ऐवजी 'निम्म्यापेक्षा जास्त' लिहिलं की एक खरी साखर हातची जाते. तिनं तसंच लिहिलं होतं. तिथल्या तिथे बदललं.

तरीही निम्म्याची अट मला पुरती पटत नाही. डॉक्सोरुबिसिन या कर्करोगाच्या औषधात डाउनोसामिन नावाची साखर आहे. तिच्या सहाच्या वलयाला बाहेरून दोनच ऑक्सिजन, आणि एका जागी नायट्रोजन. आकड्यांनी ती नापास, पण तो दोन ऑक्सिजनवाला कार्बन तिच्यात शाबूत आहे. माझं मत विचाराल तर अशा वेळी मोजदाद बाजूला ठेवून तो सांधा बघावा. भाची आता नायट्रोजनही मोजणीत धरून बघतेय.