थंडीत बंद ठेवलेली बाईक आठवड्यातून पाच मिनिटं चालू करावी का?

कॅनडात नाहीतर अमेरिकेच्या उत्तरेत राहणाऱ्या आपल्या लोकांना दर नोव्हेंबरमधे हाच सल्ला मिळतो, की बाईक गॅरेजमधे लावली तरी आठवड्यातून एकदा स्टार्ट करून पाच मिनिटं तशीच चालू ठेवा म्हणजे इंजिन चांगलं राहतं. प्लीज असं करू नका, याने नुकसानच जास्त होतं.

पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ तयार होते, एक लिटर पेट्रोलमागे जवळपास लिटरभर पाणी. इंजिन नीट गरम झालं तर ती वाफ बाहेर निघून जाते पण उणे दहा मधे पाच मिनिटांत ऑइल काय गरम होणार, मग तेच पाणी सायलेन्सरमधे आणि ऑइलमधे साचतं आणि आतून गंज धरतो. बॅटरीचं पण तेच, स्टार्टर जेवढं खेचतो तेवढं आयडलिंगवर परत भरत नाही, आणि उतरलेली बॅटरी गोठून फुटू शकते, फुल चार्ज असलेली उणे 40 ला पण गोठत नाही.

त्यापेक्षा ठेवायच्या आधीच ऑइल बदला, जुन्या ऑइलमधे ॲसिड असतं ते चार महिने बेअरिंगवर बसू देऊ नका. टाकी फुल करून त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव) टाका आणि नंतर एक चक्कर मारून या म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचतं. लोखंडी टाकी रिकामी ठेवली की गंजते. बॅटरी टेंडरला, म्हणजे बॅटरी चार्ज ठेवणाऱ्या छोट्या चार्जरला लावा, आणि मग मार्चपर्यंत स्टार्टरला हात लावू नका.