माउझर पिस्तूल आणि हाताने भरलेलं काडतूस

रिव्हॉल्व्हरमध्ये एखादं काडतूस कमजोर निघालं तरी अडत नाही. घोडा पुन्हा ओढला की पुढचं काडतूस नळीसमोर येतं. अर्धस्वयंचलित पिस्तूल मात्र काडतुसाच्याच धक्क्यावर चालतं. धक्का कमी पडला तर रिकामी पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) धड बाहेर पडत नाही, मध्येच अडकते. जास्त झाला तर मागे सरकणारे भाग सांगाड्यावर आदळतात. म्हणून अशा पिस्तुलाचा आणि काडतुसाचा विचार एकत्रच करावा लागतो.

ह्यूगो बोरचार्टच्या १८९३च्या पिस्तुलापासून हे दिसतं. त्याची बाटलीसारख्या गळ्याची पुंगळी जवळपास तशीच उचलून, दारूचा जोर वाढवून, माउझरने ७.६३ मि.मी.चं काडतूस केलं. ते ज्यासाठी केलं ते सी-९६ पिस्तूल ओबर्नडॉर्फच्या कारखान्यातल्या फेडर्ले बंधूंनी घडवलं होतं. १८९८मध्ये सुदानमधल्या ओमदुर्मानच्या लढाईत तरुण चर्चिलच्या हातात हेच पिस्तूल होतं. १९३७पर्यंत ते बनत राहिलं. पुढे काडतूस दुर्मीळ होत गेलं, पिस्तुलं मात्र टिकली.

खरी गफलत इथून सुरू होते. सोव्हिएत युनियनने १९३०मध्ये टोकारेव्ह पिस्तुलासाठी याच काडतुसावरून ७.६२ मि.मी.चं काडतूस काढलं. मापं इतकी जवळची की ते बहुतेक वेळा माउझरच्या चेंबरमध्ये (नळीमागच्या काडतूस बसायच्या जागेत) बसतंही. पण त्याचा दाब सहसा जास्त असतो, आणि शंभर वर्षांच्या थकलेल्या स्प्रिंगवर तो लादणं मला अन्यायच वाटतं. लष्करी साठ्यातली ही काडतुसं स्वस्तात मिळत, म्हणून मोहही मोठा. हाताने भरणारे, म्हणजे रिकाम्या पुंगळीत नवी दारू आणि गोळी बसवणारे, मुख्यतः या मोहापासून पिस्तूल वाचवतात.

भरायचं तर पुंगळी हवी. जुनी युरोपी पुंगळी हातात घेऊन आत डोकावलं, तर तळाशी दोन बारीक भोकं दिसतात. ही बर्डनची रचना. बॉक्सरच्या रचनेत मधोमध एकच भोक असतं, त्यातून सुई घालून वापरलेला प्राइमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) सरळ बाहेर ढकलता येतो. दोन्ही रचना १८६६च्या. बर्डनची अमेरिकन माणसाची, बॉक्सरची इंग्रजाची. पण बॉक्सरची अमेरिकेत रुजली, आणि पुंगळ्या पुन्हा भरण्याची सवय तिथे फोफावली त्यात या एका भोकाचा वाटा मोठा आहे.

जुन्या प्राइमरचा त्रास वेगळाच. त्यांतल्या पाऱ्याने पितळ ठिसूळ होई, आणि पोटॅशियम क्लोरेटच्या ज्वलनातून उरलेला क्षार ओल धरून नळी गंजवत असे. गंज न आणणारे प्राइमर १९२०च्या दशकाच्या अखेरीस सर्रास येऊ लागले. तोवर कित्येक माउझरच्या नळ्यांतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) खाऊन झाले होते. आजही नळी उजेडात धरली की आटे पुसट झालेले आणि मध्ये काळे खड्डे दिसतात. अशा नळीत नेमकं भरलेलं काडतूसही नेम धरत नाही.

पितळच मिळेना तेव्हा लोकांनी .२२३ रायफलची पुंगळी कापून, दाबून माउझरच्या मापाची केली. कापल्यावर गळ्याशी पितळ जाड राहतं, ते आतून तासावं लागतं. नाहीतर गोळीभोवती गळा घट्ट बसून दाब भलताच चढतो.