क्योतो पायी, कताना हाती : सहभागी होणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

हे पत्रक बुकिंग करताना एकदा आणि सहलीच्या आदल्या रात्री पुन्हा एकदा वाचा. सकाळी कतानाचा, म्हणजे जपानी तलवारीचा, अडीच तासांचा धडा आणि दुपारी क्योतोच्या मध्यभागात साधारण पाच किलोमीटर चालणे, असा हा पूर्ण दिवसाचा कार्यक्रम आहे. एका गटात जास्तीत जास्त दहा जण असतात. धडा जपानी शिक्षक देतात आणि आमचा मराठी वाटाड्या तो तिथल्या तिथे मराठीत सांगतो.

धडा आधी, शहर नंतर

बरेच जण क्रम उलटा करून मागतात, पण आम्ही तो बदलत नाही. या सहलीत दिसणाऱ्या बहुतेक जागा १८६३ ते १८६७ या पाच वर्षांतल्या आहेत. शोगुनची (जपानच्या लष्करी शासकाची) सत्ता डळमळीत झाली होती आणि क्योतोच्या गल्लीबोळांत रात्री-अपरात्री तलवारी उपसल्या जात होत्या. आज त्यातल्या अनेक ठिकाणी एखादा दगडी फलक, एखादी खाच, एखादी बुटकी खोली एवढेच उरले आहे. डोक्यावरून वार घ्यायला किती जागा लागते, म्यानातून पाते बाहेर काढायला किती क्षण जातात, हे हाताला कळलेले असेल तरच त्या खुणा बोलू लागतात.

काय घालून यावे, काय काढून ठेवावे

केइकोगी (जाड सुती अंगरखा), ओबी (कमरेचा पट्टा) आणि हाकामा (चुण्यांचा घोळदार पायजमा) आम्ही देतो. आतून टी-शर्ट आणि पोटऱ्यांपर्यंतची सैल पँट घाला. जीन्स घालून गुडघ्यावर बसता येत नाही. अंगरख्याची डावी बाजू नेहमी उजवीवर येते, स्त्री असो वा पुरुष. उजवी वर घेणे ही जपानमध्ये मृताला कपडे घालण्याची रीत आहे, त्यामुळे आरशात पाहताना गोंधळ होत असेल तर वाटाड्याला विचारा.

अंगठ्या, बांगड्या, कडे आणि घड्याळ काढून पिशवीत ठेवा. मंगळसूत्र काढायचे नसेल तर अंगरख्याच्या आत सरकवून सुरक्षित करा, कारण मूठ छातीजवळून जाताना ते अडकते. हाताची आणि पायाची नखे कापलेली हवीत. लांब केस मानेवर घट्ट बांधा. चश्मा चालतो. दोजोत (सरावाच्या दालनात) अनवाणी असावे लागते. मोजे लाकडी फरशीवर घसरतात.

वय आठ वर्षे पूर्ण असेल तर लाकडी तलवारीचा भाग करता येतो. चटई कापण्याच्या भागासाठी अठरा पूर्ण हवीत. खांदा आखडलेला असेल, गुडघ्याचे ऑपरेशन झाले असेल किंवा गर्भारपण असेल, तर आधी कळवा. उभ्याने करायचा वेगळा क्रम बसवून देता येतो.

हातात काय येते

तीन वेगळ्या तलवारी आहेत आणि त्यांत घोळ होता कामा नये.

पहिली बोक्केन : पांढऱ्या ओकची, साधारण १०२ सेंमी लांब, पाचशे-सहाशे ग्रॅम वजनाची. धड्याचा मोठा भाग हिच्यावरच होतो. दुसरी इआइतो : धातूची, म्यानासकट, पण जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची आणि बिनधारेची. ती उंचीप्रमाणे देतो. १६५ ते १७५ सेंमी उंचीला ७२ ते ७४ सेंमीचे पाते जुळते. त्याहून लांब घेतले तर टोक म्यानातून सुटत नाही आणि माणूस हिसका देतो. 'मला मोठी द्या' हा आग्रह म्हणूनच मानला जात नाही. टोकाला धार नसली तरी ते टोचते, हेही ध्यानात असू द्या. तिसरी शिनकेन, म्हणजे खरी धारदार तलवार. ती फक्त चटई कापताना, फक्त शिक्षकांच्या हातून तुमच्या हातात येते आणि लगेच परत जाते. जपानच्या १९५८च्या शस्त्रकायद्यानुसार अशा प्रत्येक तलवारीचे नोंदणीपत्र असते.

वर्ग सुरू होण्यापूर्वी शिक्षक प्रत्येक मुठीतली मेकुगी तपासतात. मेकुगी म्हणजे करंगळीहून बारीक बांबूची खुंटी. ती मुठीतून आरपार जाते आणि पात्याच्या शेपटाला अडकवून ठेवते. सगळे पाते त्या एका खुंटीवर मुठीत टिकलेले असते. ती सैल असेल तर जोराच्या वाराबरोबर पाते मुठीतून सुटून उडू शकते. तुमच्या हातातली मूठ कधी किंचित खटखटली, तर संकोच न करता तिथेच थांबा आणि हात वर करा.

धड्याचा क्रम आणि नेहमीच्या चुका

सुरुवात बसण्यापासून होते. सेइझा ही बैठक आपल्या वज्रासनासारखीच आहे, त्यामुळे योगासने करणाऱ्यांना ती सोपी जाते. पायाला मुंग्या आल्या तर लगेच उठू नका. आधी चवड्यांवर या, मग उभे राहा. तलवार समोर ठेवून तिला वाकून नमस्कार करायचा असतो, धार आपल्याकडे करून. खंडेनवमीला शस्त्रे पुजणाऱ्यांना यात काही नवल वाटणार नाही. बसताना तलवार उजवीकडे ठेवतात. उजव्या हाताने ती उपसणे अवघड जाते, म्हणजे समोरच्याला 'मी उपसणार नाही' असे सांगितल्यासारखे होते. ही गोष्ट दुपारी पुन्हा लागेल.

मग पकड. उजवा हात त्सुबाच्या (मुठीपुढच्या तबकडीच्या) किंचित खाली, डावा हात मुठीच्या अगदी टोकाला. करंगळी आणि अनामिका घट्ट, तर्जनी आणि अंगठा सैल. दोन्ही मनगटे मुठीच्या वरून येतात, बाजूने नाही. नव्याने शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण उजव्या हाताने आवळतो. तलवार उचलतो आणि पाडतो तो डावा हात. उजवा फक्त दिशा देतो. उजवा आवळला की टोक हवेत नागमोडी जाते आणि वार तिरका पडतो. धडा संपल्यावर स्वतःचा तळवा पाहा : डाव्या हाताच्या करंगळी-अनामिकेच्या मुळाशी लाली असेल तर पकड बरोबर होती. उजव्या अंगठ्याच्या बेचक्यात फोड आला असेल, तर उजवा हात जास्त राबला.

उभे राहताना उजवा पाय पुढे, डावी टाच किंचित उचललेली, डावी मूठ नाभीपासून एक मूठ अंतरावर आणि टोक समोरच्याच्या गळ्याच्या रेषेत. पाऊल उचलून आपटायचे नाही, सरकवायचे. वार घेताना टोक पाठीमागे कमरेपर्यंत लोंबू देऊ नका. त्याने कंबर मोडते आणि जोरही वाढत नाही.

मर्दानी खेळ शिकलेल्यांना एक खास सूचना. आपली तलवार एका हाताची, तिचा वार मनगटाच्या फिरकीवर चालतो. कतानाच्या पकडीत ती फिरकी आली की धार वाराच्या रेषेतून वळते आणि पाते चपटे पडते. पहिला अर्धा तास मनगट मुद्दाम शांत ठेवा. नंतर तुमची पावले आणि नजर इतरांपेक्षा पुष्कळ पुढे असल्याचे दिसेल.

वार सरळ गेला की नाही, हे कानाने कळते. आमच्या इआइतोंच्या पात्याला दोन्ही बाजूंनी लांब खोबण आहे. धार आणि वाराची रेषा जुळली तर स्वच्छ शीळ ऐकू येते. कोन चुकला तर आवाज फाटतो किंवा येतच नाही. आवाज मोठा काढायला जोर लावू नका, त्याने कोन आणखी बिघडतो.

उपसणे आणि म्यान करणे हा सर्वांत काळजीचा भाग. म्यान कमरेला धार वर करून खोचलेले असते. डाव्या अंगठ्याने त्सुबा किंचित पुढे ढकलून पाते मोकळे करायचे, उजव्या हाताने उपसायचे आणि त्याच वेळी डाव्या हाताने म्यान मागे खेचायचे. म्यान मागे न खेचता नुसता उजवा हात लांबवला तर टोक तोंडाशी अडकते. डावी बोटे म्यानाच्या तोंडावरून वळवून धरू नका. खऱ्या तलवारीने तिथेच बोटे कापली जातात, म्हणून बिनधारेच्या तलवारीवरही ही सवय लागू देत नाही. म्यान करताना पात्याची पाठ डाव्या अंगठा-तर्जनीच्या खोबणीवरून सरकत जाते. नजर समोर, वेग कासवाचा.

चटई कापणे (ऐच्छिक)

तातामीच्या (जपानी घरातल्या जाड चटईच्या) वरच्या गवती विणीची गुंडाळी रात्रभर पाण्यात भिजवतात, निथळतात आणि लाकडी खुंट्यावर उभी बसवतात. प्रत्येकाला तीन वार मिळतात, खांद्यावरून तिरके खाली. कापायचे ते पात्याच्या टोकाकडच्या तिसऱ्या हिश्श्याने. लोक भीतीने फार जवळ उभे राहतात, मग मधला भाग लागतो आणि पाते गुंडाळीत रुतते. रुतले तर ओढू-पिळू नका. मूठ तशीच धरून ठेवा, शिक्षक सोडवतील. पिळले की पाते वाकते, आणि वाकलेले पाते म्यानात जात नाही. ज्यांचे सकाळचे वार सरळ येत नाहीत, त्यांना शिक्षक हा भाग नाकारतात. त्यांचा शब्द अखेरचा. त्या भागाचे पैसे परत मिळतात.

जेवण

दोजोजवळ पाऊण तासाची सुट्टी. शाकाहारींनी लक्षात घ्यावे की मिसो सूप, सोबाचा (जपानी शेवयांचा) रस्सा आणि पुष्कळ भाज्यांतही सुक्या माशाचा अर्क असतो. पदार्थात मासा दिसत नाही, म्हणून तो नसतो असे नाही. आंबट उमे (खारवलेले फळ) घातलेली ओनिगिरी (भाताचा गोळा) सांगितल्यास आम्ही आणून ठेवतो. दशम्या-चटणी सोबत असेल तर सर्वांत उत्तम, दोजोच्या ओसरीवर बसून खाता येते.

दुपारची वाट

हांक्यू मार्गावरच्या ओमिया स्टेशनपासून दहा मिनिटांवर मिबू. १८६३ मध्ये इथेच शिन्सेनगुमी हे शोगुनच्या बाजूचे पथक उभे राहिले. मिबू-देरा मंदिराच्या आवारात त्यांचा नायक कोंदो इसामी याचा अर्धपुतळा आहे. शेजारच्या यागी कुटुंबाच्या घरात (बांधकाम १८०४) पथकाचा मुक्काम होता आणि तिथेच १८६३ मध्ये सेरिझावा कामो या पथकाच्या दुसऱ्या नायकाला त्याच्याच साथीदारांनी रात्री मारले. आपल्याकडे जिथे गणेशपट्टी असते, तिथल्या आडव्या लाकडावर त्या रात्रीची खाच आहे. खाली उभे राहून नजर वर करा : सकाळचा डोक्यावरचा वार इथे घेतला असता तर पाते कुठे थांबले असते, ते लगेच कळते. पथकातले प्रमुख लोक तलवारविद्येच्या ज्या तेन्नेन रिशिन परंपरेत शिकले होते, तिथे सराव जाड, जड लाकडी तलवारीने होई. बुटक्या खोलीत भोसकण्याचा वार का कामी येतो, हे वाटाड्या तिथेच समजावतो. घरात फोटो काढायला मनाई आहे.

तिथून साधारण दोन किलोमीटर चालत निजो किल्ला. तोकुगावा घराण्यातला पहिला शोगुन इएयासू याने १६०३ मध्ये उभारलेल्या या किल्ल्यातच १८६७ मध्ये शेवटच्या शोगुनने सम्राटाला सत्ता परत करण्याचा निर्णय जाहीर केला. निनोमारू प्रासादाच्या ओट्यांवरची फरशी पाखरासारखी किलबिलते. फळ्यांखालच्या लोखंडी पकडी वजनाने खिळ्यांवर घासतात, म्हणून कितीही हलके पाऊल टाका, आवाज येतोच. बागेच्या बाजूने वाकून पाहिले तर त्या पकडी दिसतात. प्रवेश चार वाजता बंद होतो, म्हणून मिबूत उशीर करू नका. जानेवारी, जुलै, ऑगस्ट आणि डिसेंबरमधल्या मंगळवारी प्रासाद बंद असतो. त्या दिवशी फक्त बागा पाहता येतात.

पुढे तोझाई मार्गाने दोन स्टेशने, मग सान्जो रस्ता. इकेदाया सरायीच्या जागी आता खानावळ आहे, बाहेर दगडी फलक. ८ जुलै १८६४ च्या रात्री शोगुनविरोधकांना पकडायला कोंदो मोजक्या साथीदारांसह इथे आत शिरला. जवळच्या सान्जो पुलाच्या दक्षिण कठड्यावर, पश्चिमेकडून दुसऱ्या धातूच्या कळसावर एक चीर आहे. ती त्याच रात्रीची म्हणून दाखवतात. शेवटचा थांबा ओमिया दुकानाची जागा (स्टेशनशी नावाचे साम्य आहे, जागा वेगळी). १० डिसेंबर १८६७ रोजी साकामोतो र्योमा या शोगुनविरोधी सामुराईवर इथे हल्ला झाला. तलवार हातापासून दूर होती. ती हाती आली, पण उपसायला वेळ मिळाला नाही आणि त्याने वार म्यानावरच झेलला. सकाळी तलवार उजवीकडे का ठेवली होती, ते आठवा.

सामान, हवामान, रद्द करणे

जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ अंशांवर जातो. त्या दोन महिन्यांत पाण्याच्या दोन बाटल्या आणि टोपी आवश्यक. साध्या पावसात सहल होते, वादळाच्या इशाऱ्यात होत नाही आणि पूर्ण रक्कम परत मिळते. तुम्ही रद्द केल्यास तीन दिवस आधीपर्यंत पूर्ण, त्यानंतर निम्मी रक्कम मिळते.

घरातली शोभेची तलवार किंवा मोठा चाकू जपानला आणू नका. कारणाशिवाय सहा सेंमीहून लांब पात्याचा चाकू जवळ बाळगणे तिथे गुन्हा आहे. आठवण म्हणून बोक्केन विकत घ्यायची असेल तर आधी बॅग मोजा : १०२ सेंमीची काठी नेहमीच्या सुटकेसमध्ये मावत नाही आणि विमानात ती हातातल्या सामानात चालत नाही. तेवढीच आवड असेल तर पन्नास-पंचावन्न सेंमीची लहान लाकडी तलवार घ्या; ती बॅगेत आडवी बसते.